सभागृहात सन्मान झाला, गावात पुढे काय? ठराव, निधी आणि देखभालीचा हिशेब समजून घेऊ

बेळगाव : हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरलं की पहिल्या दिवसाची बातमी बहुतेक ठरलेली असते. मधल्या काळात निधन पावलेल्या आजी-माजी आमदारांची आणि सार्वजनिक जीवनातल्या मंडळींची नावं वाचली जातात, चार सदस्य आठवणी सांगतात, सगळे उभे राहून मौन पाळतात आणि कामकाज पुढे सरकतं. त्याच दिवसांत एखाद्या आमदाराची मागणी छापून येते : अमुक किल्ल्याची दुरुस्ती करा, तमुक स्वातंत्र्यसैनिकाचं स्मारक करा, आमच्या गावच्या जुन्या वाचनालयाला मदत द्या.

बातमी वाचून वाचकांचे फोन येतात. प्रश्न एकच. "सभागृहात विषय निघाला की हो, मग गावात काम का दिसत नाही?"

प्रश्न रास्त आहे. लोकप्रतिनिधी एखाद्याच्या सेवेचा किंवा एखाद्या समाजाच्या वारशाचा सन्मान करतात म्हणजे नेमकं काय करतात, त्यातलं काय टिकतं आणि काय विरतं, हे आपल्याकडे कुणी फारसं सांगत नाही. बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबाद, राज्य कुठलंही असो, मराठी माणसांच्या संस्था, वास्तू आणि आठवणी यांचा प्रश्न सगळीकडे याच जागी येऊन अडतो. म्हणून हा लेख.

खोली मिळाली, दिवा कोण लावणार?

सुरुवात एका खेड्यापासून करू. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशी गावं एकापेक्षा जास्त आहेत. तिथं जुन्या वाचनालयासाठी आमदार निधीतून एक खोली बांधून मिळाली. भूमिपूजन झालं, उद्घाटन झालं, भिंतीत संगमरवरी पाटी बसली. काही महिन्यांनी गेलो तर दाराला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे असते ते सत्तरी ओलांडलेले निवृत्त मास्तर भेटले.

ते म्हणाले, "खोली झाली बघा, चांगली झाली. पण लाइटबिल कोण भरायचं? रोज संध्याकाळी बसायला माणूस ठेवायचा तर त्याला काय द्यायचं? पेपरवाल्याचंच तीन महिन्यांचं थकलंय. पूर्वी माझ्या पडवीत पुस्तकं होती तेव्हा रोज उघडत होतो. आता इमारत आहे, वाचनालय नाही."

मी कॉमर्सचा विद्यार्थी. आम्हाला पहिल्या वर्षी दोन प्रकारचे खर्च शिकवतात. एक भांडवली खर्च, म्हणजे इमारत, यंत्र, जमीन, एकदाच होणारा. दुसरा महसुली खर्च, म्हणजे पगार, वीज, रंगरंगोटी, झाडलोट, दरवर्षी होणारा. दुकान पहिल्या खर्चानं उभं राहतं आणि दुसऱ्या खर्चावर चालतं. मास्तरांच्या वाचनालयाला पहिला मिळाला, दुसरा नाही.

लोकप्रतिनिधींकडून होणारा जवळजवळ प्रत्येक सन्मान याच एका कसोटीवर तपासता येतो. आता एकेक प्रकार बघू.

पहिला प्रकार : शोकप्रस्ताव आणि श्रद्धांजली

शोकप्रस्तावानं पैसा येत नाही की अधिकार मिळत नाही. पण एक गोष्ट होते, नोंद होते. कोण गेलं, त्यांनी काय केलं, कुठल्या सदस्यानं काय आठवण सांगितली, हे सभागृहाच्या कामकाजात छापलं जातं आणि शोकसंदेश कुटुंबाला पाठवला जातो. पन्नास वर्षांनी कुणी त्या माणसावर लिहायला बसलं तर हा अधिकृत कागद हाती लागतो.

अशा नोंदीची किंमत बॅरिस्टर नाथ पै यांच्या उदाहरणावरून कळते. वेंगुर्ल्यात 1922 साली जन्म, 1957 पासून राजापूरचे खासदार, आणि 18 जानेवारी 1971 रोजी निधन झालं ते आपल्या बेळगावात. कोकण, गोवा आणि सीमाभाग, तिन्हीकडे त्यांना आपलं मानतात. शहापुरात त्यांच्या नावाचं सर्कल आहे, मालवणात त्यांच्या नावानं सेवांगण चालतं.

1967 साली गोलकनाथ निकालानंतर त्यांनी घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक लोकसभेत आणलं होतं. मूलभूत हक्कांच्या प्रकरणातही दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करावा, असा त्याचा गाभा. लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक तिथंच संपलं. पण 1971 च्या 24व्या घटनादुरुस्तीत मुख्य कल्पना तीच आली. तेव्हा नाथ पै हयात नव्हते. त्या कल्पनेशी असलेलं त्यांचं नातं आज सांगता येतं, कारण ते संसदेच्या कामकाजात लिहिलेलं आहे. सर्कलवरचं नाव येणाजाणाऱ्याला ते कोण होते याची आठवण देतं. त्यांनी काय केलं हे मात्र त्या छापील पानांतच सापडतं.

दुसरा प्रकार : ठराव आणि नामकरण

इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. विधानसभेनं ठराव केला म्हणजे काम झालं असं लोक धरून चालतात. बहुतेक वेळा ठराव म्हणजे शिफारस असते. अंमलबजावणीचा अधिकार दुसऱ्याच्या हाती असेल तर ठराव तिकडे जातो आणि वाट बघतो.

ताजं उदाहरण आपल्याच शहरातलं. डिसेंबर 2023 मध्ये बेळगावच्या अधिवेशनात कर्नाटक विधानसभेनं चार विमानतळांच्या नामकरणाचा ठराव केला : बेळगावला कित्तूर राणी चन्नम्मा, हुबळीला संगोळ्ळी रायण्णा, शिमोग्याला कुवेंपू आणि विजापूरला बसवेश्वर. पण विमानतळाचं नाव ठरवण्याचा शेवटचा अधिकार केंद्राचा. राज्याचा ठराव नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे जातो आणि मंजुरी केंद्रीय मंत्रिमंडळ देतं. म्हणून ठरावाच्या दुसऱ्या दिवशी पाटी बदलत नाही.

गोव्यात मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झालं. त्याला मनोहर पर्रीकरांचं नाव देण्यावर केंद्रीय मंत्रिमंडळाचं शिक्कामोर्तब झालं ते जानेवारी 2023 मध्ये. राज्य आणि केंद्र दोघांचीही इच्छा असली की काम असं लवकर होतं. नाहीतर वेळ लागतो. 'बेळगाव'चं सरकारी नाव 'बेळगावी' करण्याची घोषणा राज्यानं 2006 च्या सुमारास केली होती. केंद्राची मंजुरी येऊन ते लागू झालं 1 नोव्हेंबर 2014 पासून, म्हणजे आठेक वर्षांनी. त्या बदलाबद्दल सीमाभागातल्या मराठी माणसाच्या भावना काय आहेत हे इथं वेगळं सांगायला नको. प्रक्रिया मात्र सगळ्यांना सारखीच असते.

रस्ता किंवा चौकाचं नाव हा महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या पातळीवरचा विषय. पुतळ्याचं वेगळं आहे. सुप्रीम कोर्टानं 18 जानेवारी 2013 रोजी दिलेल्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ता, फुटपाथ किंवा लोकांच्या वापराच्या जागी पुतळा अथवा बांधकाम उभारायला राज्यांनी परवानगी द्यायची नाही. चौकात पुतळा बसवू, असं आश्वासन कुणी दिलं तर जागा कुणाची आणि परवानगी कुणाची, एवढं आधी विचारावं.

तिसरा प्रकार : निधी

खासदार निधी सुरू झाला 23 डिसेंबर 1993 रोजी. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदाराला 5 लाख रुपये होते, मग 1 कोटी, पुढे 2 कोटी आणि 2011-12 पासून वर्षाला 5 कोटी. कर्नाटकात आमदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला 2 कोटी रुपये आहे.

आकडे मोठे वाटतात. भागून बघू. एका लोकसभा मतदारसंघात आपल्याकडे आठ विधानसभा मतदारसंघ येतात. पाच कोटी भागिले आठ, म्हणजे एका विधानसभा मतदारसंघाच्या वाट्याला वर्षाला 62 लाख 50 हजार. त्यातच रस्ते, शाळाखोल्या, पाणी, समाजभवन. वारशाच्या वाट्याला किती उरणार, हे वाचकांनीच ठरवावं.

खासदार निधीबद्दल चार गोष्टी माहीत असाव्यात.

एक, खासदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. पैसा खासदाराच्या हातात येत नाही.

दोन, भर टिकाऊ सामुदायिक मालमत्तेवर असतो, म्हणजे भांडवली खर्चावर. पगार, मानधन, वीजबिल यासाठी हा निधी नाही.

तीन, धार्मिक स्थळाच्या आत किंवा धार्मिक संस्थेच्या जमिनीवर काम घेता येत नाही. आणि या निधीतून झालेल्या मालमत्तेला व्यक्तीचं नाव देण्यालाही नियमांत मनाई आहे. 'अमक्यांच्या स्मरणार्थ सभागृह' अशी मागणी खासदार निधीतून करायला गेलात तर ती इथंच अडते.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. काम मंजूर करण्याआधी जिल्हा प्रशासनानं वापरणाऱ्या संस्थेकडून देखभालीची लेखी हमी घ्यायची असते. म्हणजे दिवा कोण लावणार, हा मास्तरांचा प्रश्न नियमांनी आधीच विचारून ठेवलेला आहे. आपण मात्र तो कागद सही करून देतो आणि विसरतो. आमदार निधीच्या कामातही ही हमी आपणहून लिहून मागायला कुणाची हरकत नसावी.

एकाच पुतळ्याचं दोनदा अनावरण

बांधकामाचं श्रेय आणि देखभालीची जबाबदारी यांतला फरक बघायचा तर येळ्ळूरचा राजहंसगड आठवावा. मार्च 2023 मध्ये गडावरच्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण दोनदा झालं. 2 मार्चला तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या हस्ते सरकारी कार्यक्रम झाला. 5 मार्चला बेळगाव ग्रामीणच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांच्या पुढाकारानं दुसरा सोहळा झाला. मे महिन्यात विधानसभेची निवडणूक होती, त्यामुळे दोन्ही बाजूंची लगबग समजण्यासारखी आहे. महाराजांचा पुतळा गडावर उभा राहिला याचा आनंद गावोगावच्या मराठी माणसाला झाला, तोही खरा.

पण पुतळा हा गडाचा एक भाग. तटबंदी, बुरूज, पाण्याची व्यवस्था, गवत काढणं, सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या गर्दीचा कचरा उचलणं, ही कामं दरवर्षीची. अनावरणाला दोन पक्ष येतात, तसे गवत काढायलाही आले असते तर या लेखाची गरज पडली नसती.

चौथा प्रकार : कायदा आणि अधिसूचना

सभागृहाच्या हातातलं खरं टिकाऊ हत्यार हे आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू केंद्राकडे असतात. 1958 च्या केंद्रीय कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण त्या सांभाळतं. बाकीच्या प्राचीन आणि ऐतिहासिक वास्तू, ग्रंथालयं आणि संग्रहालयं हा राज्य सूचीतला विषय आहे, आणि त्यासाठी प्रत्येक राज्याचा आपापला कायदा आहे :

महाराष्ट्र : 1960 चा कायदा
कर्नाटक : 1961 चा कायदा
मध्य प्रदेश : 1964 चा कायदा
गुजरात : 1965 चा कायदा
गोवा : 1978 चा कायदा
तेलंगणा : 2017 चा वारसा कायदा

वास्तू 'संरक्षित' जाहीर होते ती अधिसूचनेनं. केंद्राच्या कायद्यात आधी सरकार आपला इरादा जाहीर करतं, लोकांना हरकती घ्यायला दोन महिने मिळतात, मग अंतिम अधिसूचना निघते. त्यानंतर वास्तूची जबाबदारी एका खात्यावर येते. पाडापाडी केली तर गुन्हा ठरतो, आणि दुरुस्तीचा खर्च खात्याच्या वार्षिक तरतुदीत मागता येतो. म्हणजे महसुली खर्चाला हक्काचं घर मिळतं.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती याचं जवळचं उदाहरण. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, 1204 मध्ये, त्याचा मंत्री बिचिराज यानं ती बांधली. आज ती केंद्रीय संरक्षणाखाली आहे. आठशे वर्षं उलटून गेली, तरी छतातलं दगडी कमळ बघायला आजही माणसं येतात.

पण संरक्षणाची किंमतही असते, ती लपवून चालणार नाही. 2010 च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. गावाच्या मधोमध असलेल्या वास्तूला असा दर्जा मागण्याआधी शेजारच्या घरांना काय सोसावं लागेल हे ग्रामसभेत सांगितलं पाहिजे. नाहीतर वारसा वाचवणारे आणि घर वाढवू पाहणारे एकमेकांसमोर उभे राहतात. अनेक वास्तूंना राज्याचं संरक्षण किंवा स्थानिक संस्थेची नीट व्यवस्था पुरेशी असते.

गोव्यात झालं ते कसं झालं?

डिचोली तालुक्यातलं नार्व्याचं सप्तकोटेश्वर मंदिर. 1668 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करवला, त्याचा शिलालेख तिथं आहे. मंदिर राज्य संरक्षित स्मारकांच्या यादीत होतं. म्हणून पुरातत्त्व खात्याला त्यावर रीतसर खर्च करता आला, आणि दुरुस्तीनंतर 11 फेब्रुवारी 2023 रोजी मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या उपस्थितीत ते पुन्हा लोकांसाठी खुलं झालं. त्याआधी 2022-23 च्या अर्थसंकल्पात पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेल्या मंदिरांसाठी आणि वारसास्थळांसाठी गोवा सरकारनं 20 कोटींची तरतूद जाहीर केली होती.

अर्थसंकल्पातल्या घोषणांबद्दल राजकीय मतं वेगवेगळी असतील. आपल्याला शिकायचं ते एवढंच : धार्मिक स्थळ असल्यानं जिथं खासदार निधी चालला नसता, तिथं संरक्षित स्मारक म्हणून असलेली नोंद उपयोगी पडली. नोंद आधी होती, म्हणून पैशाला वाट मिळाली.

इंदूरचा एक दिवस आणि बाकीचे दिवस

इंदुरात 20 मे 2025 रोजी मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक थेट राजवाड्यात भरली. निमित्त होतं देवी अहिल्याबाई होळकर यांच्या त्रिशताब्दी जयंतीचं. त्यांचा जन्म 31 मे 1725 चा. इंदूरच्या मराठी मंडळींसाठी तो मोठा दिवस होता. पण याच राजवाड्याचा मोठा भाग 1984 च्या दंगलीतल्या आगीत जळाला होता, आणि तो पुन्हा उभा करायला वर्षं गेली. लाकूडकामाची जुनी वास्तू वाचते ती वायरिंग तपासणाऱ्या, वाळवी बघणाऱ्या, पाणी झिरपतंय का ते पाहणाऱ्या माणसांमुळे. मंत्रिमंडळाची बैठक हा सन्मान झाला. तो टिकवतो तो मिस्त्री आणि पहारेकरी.

याच शहरातून आठ वेळा लोकसभेवर गेलेल्या सुमित्रा महाजन यांनी वेगळा मार्गही दाखवला. चिपळूणला जन्मलेल्या, लोकसभेच्या अध्यक्ष झालेल्या सुमित्राताईंनी अहिल्याबाईंच्या जीवनावर 'मातोश्री' हे पुस्तक लिहिलं. लोकप्रतिनिधीनं स्वतः बसून लिहिणं हाही वारसा जपण्याचाच प्रकार आहे, आणि त्याला निधी लागत नाही.

बडोद्याचं गणित

मग वर्षानुवर्षं चालणारी व्यवस्था कशी असते? त्यासाठी शंभर वर्षं मागं जाऊन महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडे बघावं लागतं. ते आमदार नव्हते, राजे होते, पण कायदे करणारेच होते. सक्तीचं प्राथमिक शिक्षण त्यांनी 1906 मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात लागू केलं. 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांची साखळी उभी करायला घेतली.

त्या योजनेतली हुशारी पैशाच्या वाटणीत होती. गावानं एक वाटा जमवायचा, स्थानिक मंडळानं एक वाटा द्यायचा, संस्थाननं एक वाटा द्यायचा. म्हणजे सरकारचा पैसा येई, पण गावानं आपला वाटा उचलला तरच. गावाचा पैसा गुंतला की गाव दार उघडं ठेवतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज राज्याराज्यांत फरक आहे. महाराष्ट्रात 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार दरवर्षी अनुदान मिळतं. कर्नाटकात 1965 च्या कायद्यानं मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला, आणि त्याचा मुख्य भर सरकारी सार्वजनिक ग्रंथालयांवर राहिला. म्हणून चंदगडकडचं वाचनालय आणि सीमेच्या अलीकडचं वाचनालय, भाषा एक, पुस्तकं एक, पण हिशेबाची वही वेगळी. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासून उभं आहे ते मुख्यतः सभासदांच्या आणि देणगीदारांच्या जिवावर. आमदारांकडे काही मागायचंच असेल तर नव्या खोलीपेक्षा, लोकांनी चालवलेल्या जुन्या वाचनालयांना वार्षिक अनुदान, ही मागणी जास्त उपयोगाची आहे.

आण्यापर्यंतचा हिशेब

1924 च्या 26 आणि 27 डिसेंबरला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. आयोजनाची धुरा हुदलीच्या गंगाधरराव देशपांडे यांच्या खांद्यावर होती. आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदली, तीच आजची काँग्रेस विहीर. तिचा खर्च 4,370 रुपये 3 आणे झाल्याची नोंद आहे.

शंभर वर्षांनी, डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये, शताब्दीचे कार्यक्रम झाले, नेते आले, रोषणाई झाली, सुवर्णसौधसमोर गांधीजींचा पुतळा बसला. ते सगळं योग्यच. पण माझ्यासारख्याला त्या तीन आण्यांचं कौतुक जास्त वाटतं. ज्यांनी सार्वजनिक पैशाचा हिशेब आण्यापर्यंत लिहून ठेवला, त्यांचं काम आज पुराव्यासकट सांगता येतं. सेवेचा सन्मान करायचा तर ती सवय उचलावी.

आपल्या गावात काय करता येईल?

आधी यादी करा. गावातली जुनी वास्तू, वाचनालय, समाधी, विहीर, तालीम, शाळा. प्रत्येकाचं अंदाजे वय, फोटो, सध्याची अवस्था.

जागा कुणाच्या नावावर आहे ते उताऱ्यावरून किंवा सिटी सर्व्हेतून बघा. निम्मे प्रस्ताव इथंच अडकतात.

ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याची नक्कल पीडीओंकडून मागून घ्या. ठरावात फक्त 'दुरुस्ती करावी' असं न लिहिता, देखभाल कोण करणार तेही लिहा.

अर्ज मराठीत करायला घाबरू नका. घटनेच्या 350व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत करता येतो. काम लवकर व्हावं म्हणून सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडली तर बिघडत नाही. आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क 29व्या कलमात आहे, तोही अर्जात नमूद करा.

आमदारांना भाषणाऐवजी प्रश्न विचारायला सांगा. प्रश्नाला मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं. उत्तरात 'करू', 'विचार करू' असं आलं तर ते आश्वासन ठरू शकतं, आणि सभागृहाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. लोकसभेत अशी आश्वासनं तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं. उत्तराची तारीख आणि क्रमांक जपून ठेवा.

आणि शेवटचं, ठेव. गावानं, बाहेर नोकरीला गेलेल्या पोरांनी आणि माहेरवाशिणींनी मिळून 5 लाख जमवले आणि संस्थेच्या नावानं मुदत ठेवीत ठेवले, तर साडेसहा टक्के दरानं वर्षाला 32,500 रुपये व्याज येतं. महिन्याला 2,700 च्या आसपास. त्यात वीजबिल आणि पेपर सुटतात, बसणाऱ्या माणसाच्या मानधनालाही हातभार लागतो. दरवर्षी हिशेब तपासून नोटीस बोर्डावर लावा, म्हणजे पुढची देणगी मागायला तोंड राहतं.

मास्तरांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी वहीच्या मागच्या पानावर तो लिहून घेतला. म्हणाले, "गणपतीत सगळी पोरं गावात येतात. तेव्हा विषय काढतो." पुढच्या वेळी कुणी लोकप्रतिनिधी आपल्या गावात पाटी लावायला आले, तर टाळ्या जरूर वाजवा, आणि कार्यक्रम संपल्यावर एकच विचारा : "साहेब, दरवर्षीच्या खर्चाचं काय ठरलंय?"